खूण पुसली तर जीवाणू मरतो का?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय: ‘आमच्या नोट्समध्ये एका पानावर लिहिलंय की डीएनएवर मिथिल लावणारं एन्झाइम जीवाणूला आवश्यक नसतं. दुसऱ्या पानावर लिहिलंय की कॉलऱ्याच्या जीवाणूत ते काढलं तर तो जगतच नाही. यातलं खरं काय?’

दोन्ही खरं आहे. ते दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, तेच आज बघायचंय. प्रश्न परीक्षेपुरता वाटतो, पण तसा तो नाही. जीवाणूला एखादी गोष्ट ‘आवश्यक’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा कुणीतरी लगेच विचारतं की मग तिच्यावर औषध काढता येईल का? आणि ज्या शहरात क्षयरोगाची औषधं निकामी होत चालली आहेत, त्या शहरात हा प्रश्न फळ्यावरचा राहत नाही.

आधी खूण म्हणजे काय ते बघू

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. ए, टी, जी, सी. या अक्षरांपैकी एखाद्यावर एक छोटासा रासायनिक गट चिकटवला जातो. एक कार्बन, तीन हायड्रोजन. याला म्हणायचं मिथिल गट. अक्षर बदलत नाही, वाचणाऱ्याला ए हा ए-च दिसतो, पण त्याच्या डोक्यावर एक टिंब येतं. अनुस्वारासारखं समजा.

हे टिंब देणारं एन्झाइम म्हणजे मिथिलट्रान्सफरेज, बोलताना आपण नुसतं मिथिलेज म्हणू. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात, तेच हे. ते कुठेही टिंब देत फिरत नाही. प्रत्येकाचा एक ठरलेला शब्द असतो. ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जीवाणूचं डॅम नावाचं मिथिलेज ‘जीएटीसी’ हा शब्द शोधतं आणि त्यातल्या ए वर टिंब देतं. ई. कोलायच्या साधारण ४६ लाख अक्षरांच्या मजकुरात हा शब्द सुमारे १९ हजार वेळा येतो, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी टिंब असतं.

आता ही सगळी मेहनत कशासाठी? इथे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि नोट्समधला अर्धा गोंधळ हे दोन प्रकार एकत्र केल्याने होतो.

पहिला प्रकार: जकात नाका

मुलुंडकरांना जकात नाका समजावून सांगायला नको. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली, तोपर्यंत चेकनाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या. पावती दाखवा, पुढे जा. पावती नसेल तर गाडी अडवली.

जीवाणूंचा असाच एक नाका असतो. जीवाणूंवर हल्ला करणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. हा फाज आपला डीएनए जीवाणूच्या आत सोडतो. जीवाणूकडे एक कात्री असते, रिस्ट्रिक्शन एन्झाइम. ती एक ठरावीक शब्द शोधते आणि तिथे डीएनए कापते. पण तोच शब्द जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही असणार ना? मग स्वतःचाच डीएनए का कापला जात नाही? कारण तिथे मिथिलेजने आधीच टिंब देऊन ठेवलंय. टिंब म्हणजे पावती. पावती असलेला डीएनए घरचा, नसलेला बाहेरचा.

ही जोडी कशी चालते हे उलगडण्यासाठी वर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चं नोबेल मिळालं. आज कॉलेजच्या लॅबमध्ये डीएनए कापायला जी एन्झाइम वापरतात, ती सगळी मूळची या नाक्यावरचीच.

आता प्रश्न विचारा: या नाक्यावरचं मिथिलेज आवश्यक आहे का?

समजा पावती देणारा कारकून अचानक नाहीसा झाला, पण अडवणारे शिपाई तिथेच उभे आहेत. नवीन डीएनए तयार होतोय, त्यावर पावती नाही. कात्री स्वतःच्याच घरावर फिरते आणि जीवाणू मरतो. म्हणजे कारकून आवश्यक.

आता समजा नाकाच उठला. कारकूनही नाही, शिपाईही नाही. जीवाणू मजेत जगतो. फाज आला तर पंचाईत, पण एरवी काही बिघडत नाही. म्हणजे कारकून आवश्यक नाही!

माणूस तोच, काम तेच. उत्तर बदललं ते शेजारी कोण उभं आहे यामुळे. हा मुद्दा लक्षात ठेवा, आजच्या भागात तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

यात एक गमतीची गोष्ट आहे. बऱ्याचदा ही जोडी प्लाझ्मिडवर असते. प्लाझ्मिड म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा छोटा गोल तुकडा. पेशीविभाजनात एखाद्या पिल्लाला प्लाझ्मिड मिळालं नाही तर? आधीच बनलेली थोडी कात्री आणि थोडं मिथिलेज त्याच्यात उरलेलं असतं. प्रत्येक विभाजनात ते विरळ होत जातं. आता डीएनएवर कात्रीला बसायला जागा शेकडो असतात. त्या सगळ्यांवर टिंब देण्याइतकं मिथिलेज उरत नाही, आणि कात्रीला मात्र एक बिनटिंबाची जागा पुरते. ते पिल्लू मरतं. १९९५ मध्ये जपानच्या इचिझो कोबायाशी यांच्या गटाने हे दाखवलं आणि या जोडीला ‘स्वार्थी’ म्हटलं. घरात शिरलेला भाडेकरू ‘मला काढलंस तर तुझं घर पडेल’ म्हणतो, तसं.

पुण्यातली कात्री, विरजणातली

याच विषयावरचं एक फार सुंदर काम आपल्या जवळ, पुण्यात झालंय. पाषाणच्या आयसरमध्ये के. सैकृष्णन यांच्या गटाने ‘एलएलए-बी-थ्री’ या एन्झाइमची त्रिमितीय रचना शोधली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचे मार्क शेल्कुन यांच्या गटाबरोबर केलेलं हे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

हे एन्झाइम लॅक्टोकॉकस या जीवाणूतलं. लॅक्टोकॉकस म्हणजे दूध आंबवणारा गडी. विरजणात, ताकात, चीझमध्ये असतो. डेअरीवाल्यांना फाजची मोठी धास्ती असते, कारण टाकीतल्या विरजणाला फाज लागला तर दूध लागतच नाही, सगळी बॅच वाया. त्यामुळे लॅक्टोकॉकसचे हे नाके कसे चालतात, यात पैसाही गुंतलेला आहे.

एलएलए-बी-थ्रीची गंमत अशी की पावती देणारा आणि कापणारा एकाच प्रथिनाच्या साखळीत आहेत. आणखी एक गोष्ट. नेहमीची मिथिलेज डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर टिंब देतात. हे फक्त एकाच धाग्यावर देतं. आता अडचण बघा. डीएनएची नक्कल होते तेव्हा दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो. टिंब एकाच धाग्यावर होतं, म्हणजे दोन नकलांपैकी एकीवर त्या जागी टिंबच नाही. ती कापली जायला हवी. मग जीवाणू प्रत्येक विभाजनात मरत का नाही?

उत्तर कापण्याच्या पद्धतीत आहे. हे एन्झाइम बिनटिंबाचा शब्द दिसला की लगेच कापत नाही. ते तिथून डीएनएवरून एका दिशेने धावत सुटतं. समोरून उलट्या दिशेने धावत दुसरं आलं, दोघं समोरासमोर धडकले, तरच डीएनए कापला जातो. नुकत्याच झालेल्या नकलेत बिनटिंबाचे सगळे शब्द एकाच दिशेला तोंड करून असतात. म्हणजे सगळे धावणारे एकाच दिशेने पळतात, धडक होतच नाही. तोपर्यंत पावती द्यायला वेळ मिळतो. बाहेरून आलेल्या फाजच्या डीएनएत मात्र दोन्ही दिशांचे बिनटिंबाचे शब्द असतात, तिथे धडक होते.

म्हणजे एक टिंब क्षणभर नसणं आणि खूणच नसणं यातला फरक जीवाणूने असा सांभाळलाय.

दुसरा प्रकार: एकटं मिथिलेज

आता डॅमकडे येऊ. ई. कोलायमधल्या डॅमला जोडीदार कात्री नाही. ते एकटंच टिंबं देत असतं. मग त्याचा उपयोग काय? मुख्य कामं तीन.

पहिलं, चुका दुरुस्त करणं. डीएनएची नक्कल करताना कधीतरी चुकीचं अक्षर पडतं. दुरुस्ती करणाऱ्याला जोडी जुळत नाही हे दिसतं, पण दोन अक्षरांपैकी जुनं कुठलं आणि नवं कुठलं? मूळ पोथी कुठली आणि नक्कल कुठली हे कळल्याशिवाय दुरुस्ती कशी करणार? इथे टिंब कामाला येतं. नवा धागा तयार झाल्यावर काही काळ त्यावर टिंब नसतं. टिंब असलेला जुना, नसलेला नवा. नव्यावर काप द्यायचा आणि चूक काढायची. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडणारे पॉल मॉड्रिच २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.

दुसरं, नक्कल कधी सुरू करायची ते ठरवणं. ई. कोलायमध्ये नक्कल जिथून सुरू होते त्या जेमतेम अडीचशे अक्षरांच्या पट्ट्यात जीएटीसी ११ वेळा येतो. नक्कल सुरू झाली की तिथे एका धाग्यावर टिंब आणि दुसऱ्यावर नाही, अशी अर्धवट स्थिती येते. सेक-ए नावाचं प्रथिन अशा जागा धरून बसतं, काही मिनिटं कुणाला हात लावू देत नाही. त्यामुळे एका फेरीत दोनदा नक्कल सुरू होत नाही.

तिसरं, काही जनुकांची बटणं. मूत्रमार्गात संसर्ग करणाऱ्या ई. कोलायला पेशींना चिकटायला केसांसारखे धागे लागतात. ते बनवायचे की नाही, हे जीएटीसीच्या दोन जागांपैकी कुठल्या जागी टिंब आहे यावरून ठरतं.

इतकी कामं ऐकल्यावर वाटेल, डॅम गेलं तर ई. कोलाय संपलाच. पण नाही. १९७३ मध्ये मार्टिन मॅरिनस आणि एन. आर. मॉरिस यांनी डॅम बिघडलेले ई. कोलाय मिळवले. ते जगतात, वाढतात. चुका जास्त करतात, नक्कल वेळच्या वेळी होत नाही, अतिनील किरण जास्त सोसत नाहीत. पण जगतात. आज लॅबमध्ये असे वाण विकत मिळतात.

कॉलेजमधल्या मंडळींना त्याचा उपयोग माहीत असेल. एक्सबीए-वन एन्झाइमने प्लाझ्मिड कापलं जात नसेल तर आधी बघा की त्या शब्दाला लागून जीएटीसी तयार होतोय का. होत असेल तर डॅमचं टिंब आड येतंय. डॅम नसलेल्या वाणात प्लाझ्मिड वाढवा, कापलं जाईल. उलट डीपीएन-वन हे टिंब असलेला जीएटीसीच कापतं.

जगतो, पण कुणाच्या आधाराने?

आता पुढची पायरी. डॅम नसलेला ई. कोलाय घ्या आणि त्यातून रेक-ए हे आणखी एक जनुक काढा. रेक-ए तुटलेला डीएनए सांधायला लागतं. ते एकटं काढलं तरी ई. कोलाय जगतो. डॅम एकटं काढलं तरी जगतो. दोन्ही काढली की मरतो.

का? टिंबं नाहीत, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला जुना-नवा कळत नाही. तो कुठल्याही धाग्यावर काप देतो. कधी दोन्ही धाग्यांवर एकाच जागी. डीएनए आरपार तुटतो. रेक-ए असेल तर तो सांधला जातो. नसेल तर संपलं.

आणि हे असंच घडतंय याचा पुरावा काय? त्या मरणाऱ्या जीवाणूतून चूक शोधणारं प्रथिन म्यूट-एसही काढून टाका. म्हणजे तिसरा बिघाड करा. तो पुन्हा जगू लागतो! कारण आता दुरुस्तीच होत नाही, म्हणून चुकीचे कापही पडत नाहीत. त्याला मारत होता तो टिंबांचा अभाव नव्हे, टिंबांविना आंधळेपणाने काम करणारा दुरुस्तीवाला.

मग ‘आवश्यक’ ठरवतात तरी कसं? एकेक जनुक काढून बघतात. जपानच्या केओ विद्यापीठातल्या गटाने ई. कोलायच्या ४२८८ जनुकांवर हा प्रयोग केला आणि २००६ मध्ये निकाल छापला. ३९८५ जनुकं एकेक करून काढता आली, ३०३ काढता आली नाहीत. डॅम काढता येणाऱ्यांत. पण लक्षात घ्या, ही यादी एका वाणाची, एका पोषक माध्यमातली, आणि एका वेळी एकच जनुक काढलेली आहे. या तीनपैकी काहीही बदललं तर यादी बदलू शकते.

कॉलरा: जुळवा नाहीतर मरा

आता नोट्समधल्या दुसऱ्या पानाकडे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या सँटा बार्बरा इथल्या मायकेल महान यांच्या गटाने दाखवलं की कॉलऱ्याच्या व्हिब्रिओमध्ये डॅम काढताच येत नाही. काढायचं असेल तर आधी डॅमची दुसरी प्रत आत ठेवावी लागते.

कारण पुढे कळलं. बहुतेक जीवाणूंना एकच गुणसूत्र असतं. व्हिब्रिओला दोन असतात. एक साधारण ३० लाख अक्षरांचं, दुसरं साधारण १० लाखांचं. दुसऱ्याची नक्कल सुरू करायला आरसीटी-बी नावाचं प्रथिन लागतं. हे प्रथिन ज्या जागांवर बसतं त्यांत जीएटीसी आहे, आणि तिथे टिंब असेल तरच ते बसतं. डॅम नाही तर टिंब नाही, टिंब नाही तर आरसीटी-बी बसणार नाही, दुसऱ्या गुणसूत्राची नक्कल होणार नाही. त्या गुणसूत्रावर जगायला लागणारी जनुकं आहेत, म्हणून जीवाणू मरतो.

इथे साखळी पूर्ण दिसते. पण कथा इथे संपत नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मारी-एव्ह वाल आणि दिदिए माझेल यांच्या गटाने २०१४ मध्ये डॅम गमावूनही वाचलेले व्हिब्रिओ तपासले. ते वाचले कसे? त्यांची दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली होती. आता एकच लांब गुणसूत्र. पहिल्याच्या नकलेबरोबर दुसऱ्याचीही नक्कल होते. आरसीटी-बीची गरजच उरली नाही, म्हणून डॅमचीही नाही.

बघा हं, जीवाणू तोच, जनुकं जवळपास तीच. फक्त मांडणी बदलली आणि ‘आवश्यक’ गोष्ट ‘अनावश्यक’ झाली.

प्लेग: एकाच घरात दोन उत्तरं

मुंबईच्या आणखी एका जुन्या पाहुण्याकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस या मूळच्या गोवेकर डॉक्टरांनी मुंबईतला प्लेग ओळखला. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत बनवलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच मार्च महिन्यात पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. हाफकिनची लस म्हणजे उष्णतेने मारलेले जीवाणू. त्यांना डीएनएतल्या टिंबांची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

प्लेगचा जीवाणू म्हणजे येर्सिनिया पेस्टिस. त्याचा जवळचा पूर्वज येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलॉसिस, नाव मोठं, आजार मात्र बहुधा पोटाचा. महान यांच्या २००१ च्या त्याच शोधनिबंधात या पूर्वजातही डॅम आवश्यक निघालं होतं. पण २००५ मध्ये इंग्लंडमधल्या पेट्रा ऑयस्टन आणि रिचर्ड टिटबॉल यांच्या गटाने त्याच जातीच्या दुसऱ्या वाणातून डॅम काढून दाखवलं. तो जगला. आणि खुद्द प्लेगच्या जीवाणूतूनही काढलं. तोही जगला, पण उंदरांना आजारी पाडण्याची त्याची ताकद घटली, आणि तो टोचलेल्या उंदरांना पुढे खऱ्या प्लेगपासून संरक्षण मिळालं. त्याआधी १९९९ मध्ये महान यांनी साल्मोनेलात हेच दाखवलं होतं.

म्हणजे इथे एक तिसरंच उत्तर येतं. जगायला आवश्यक नाही, पण आजार करायला आवश्यक.

ताटात काय आहे त्यावरही ठरतं

गोड्या पाण्यात राहणारा कॉलोबॅक्टर नावाचा एक जीवाणू आहे. त्याच्यात सीसीआरएम हे मिथिलेज असतं. १९९६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुसी शपायरो यांच्या गटाने ते आवश्यक असल्याचं सांगितलं. १७ वर्षं पुस्तकांत तेच लिहिलं गेलं. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डिएगो गोन्झालेझ आणि जस्टिन कोलिए यांनी दाखवलं की सकस माध्यमात तो मरणाला टेकतो, पण साध्या, बेताच्या माध्यमात जगतो.

कारण सीसीआरएमच्या टिंबाविना एफटीएस-झेड हे विभाजनाचं प्रथिन पुरेसं बनत नाही. भरपूर खाणं असेल तर पेशी भराभर वाढते, पण विभाजन तिच्या वेगाला पुरत नाही. ती दोरीसारखी लांब होते आणि मरते. खाणं बेताचं असेल तर वाढ संथ, थोडं एफटीएस-झेडही पुरतं. त्या पेशीला एफटीएस-झेड जास्त पुरवलं की सकस माध्यमातही ती बरीच सावरते.

आणि आपला क्षय

आता मुद्द्यावर. डिसेंबर २०११ मध्ये हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या चार रुग्णांबद्दल लिहिलं. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचा क्षय दाद देत नव्हता. तेव्हापासून नवं औषध कशावर मारा करणारं हवं, हा प्रश्न या शहराचा आहे.

जुनी औषधं बघा. रिफॅम्पिसिन डीएनए वाचणाऱ्या एन्झाइमला अडवतं. आयसोनियाझिड पेशीचं मेणकट आवरण बनू देत नाही. बेडाक्विलिन ऊर्जेचं यंत्र बंद पाडतं. तिन्ही निशाणं जीवाणूला रोजच्या जगण्यासाठी लागतात.

क्षयाच्या जीवाणूत डीएनएवर टिंब देणारी तीन मिथिलेज माहीत आहेत. त्यातलं मॅम-ए नीट अभ्यासलं गेलंय. सारा फॉर्च्यून यांच्या हार्वर्डमधल्या गटाने २०१३ मध्ये ते काढलं. साध्या माध्यमात जीवाणू नेहमीसारखा वाढला. पण प्राणवायू कमी केला तर तो कमी टिकला. आणि क्षयाचा जीवाणू फुप्फुसातल्या गाठींत जिथे दबा धरून बसतो, तिथे प्राणवायूची टंचाईच असते.

मग मॅम-ए वर औषध काढायचं का? थांबा. बीजिंग नावाच्या घराण्यातल्या क्षयजीवाणूंत मॅम-ए आधीपासूनच निकामी असतं. त्याच्या एका अमिनो आम्लाची अदलाबदल झालेली आहे. हे घराणं मुंबईतही सापडतं, आणि औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत २००५ च्या मुंबईतल्या एका अभ्यासात ते ठळकपणे दिसलं होतं. ज्यांच्यासाठी औषध सर्वात जास्त हवं, त्यातल्या काही जीवाणूंकडे ते निशाणच नाही. बाण सुटणार, पण लागणार कशाला?

आणखी एक अडचण. ही सगळी एन्झाइम मिथिल गट घेतात ते ‘सॅम’ या रेणूकडून. तोच रेणू आपल्या पेशींतली कितीतरी एन्झाइम वापरतात. सॅमची नक्कल करणारं औषध दिलं तर आपलीही एन्झाइम अडकतात. फक्त जीवाणूचंच अडेल असा रेणू बनवणं कठीण काम आहे.

म्हणून काही शास्त्रज्ञांचं लक्ष वेगळ्या निशाणावर आहे. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जीवाणू अँटिबायोटिकनंतरच्या गंभीर जुलाबांना कारण ठरतो. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने त्यात कॅम-ए नावाचं मिथिलेज शोधलं. तपासलेल्या सगळ्या वाणांत ते होतं, इतर जीवाणूंत फारच क्वचित. ते काढलं तर जीवाणू जगतो, पण बीजाणू नीट बनवू शकत नाही. आजार पसरतो तो बीजाणूंमुळे. इथे मारण्याऐवजी पसरणं थांबवता येईल का, ही दिशा आहे. शिवाय जे काढलं तरी जीवाणू मरत नाही, त्यावर मारा केला तर त्यातून निसटण्याची त्याच्यावरची सक्तीही कमी असेल, असा एक तर्क आहे.

मग उत्तर काय लिहायचं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंसाठी थोडक्यात. ‘मिथिलेज आवश्यक आहे का’ असं विचारलं तर चार गोष्टी विचारून घ्या. जोडीला कात्री आहे का? त्या टिंबावर नक्कल किंवा विभाजन अडलंय का? कुठल्या वाणात आणि कुठल्या माध्यमात बघितलंय? आणि आवश्यक कशासाठी, प्रयोगशाळेत वाढायला की शरीरात टिकायला?

ई. कोलायमध्ये डॅम आवश्यक नाही, पण ते गेलं की रेक-ए आवश्यक होतं. व्हिब्रिओमध्ये आवश्यक आहे, दोन गुणसूत्रं सुटी असेपर्यंत. येर्सिनियात वाण बघून. कॉलोबॅक्टरमध्ये माध्यम बघून. क्षयात वाढायला नाही, प्राणवायूच्या टंचाईत टिकायला मात्र मदत होते. एवढं कारणांसह लिहिलंत तर कुठल्याही परीक्षकाला गुण कापता येणार नाहीत.

आणि पुढे कधी बातमी वाचलीत की ‘जीवाणूचं मर्मस्थान सापडलं’, तर पहिला प्रश्न हा विचारा: ते मर्म आपल्या रुग्णांतल्या जीवाणूंमध्येही आहे का? मुंबईच्या क्षयाच्या बाबतीत त्याचं उत्तर आपल्याच रुग्णांकडून आलेले नमुने तपासून मिळणार आहे.

पुढच्या भागात जीवाणूंच्या दुसऱ्या एका नाक्याबद्दल बोलू, जो जुन्या हल्लेखोरांची आठवण लिहून ठेवतो. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा. भेटू.